नवे यंत्र घेण्यापूर्वी



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे संतवाङ्मयावर, शेतीच्या अर्थकारणावर किंवा हैदराबादच्या मुक्तिसंग्रामावर बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी फोटो सुधारण्याच्या संगणकाबद्दल बोलणार आहे, असे अध्यक्षांनी सांगितले तेव्हा मागच्या रांगेतले काहीजण हसले. त्यांना मी दोष देत नाही. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. उरलेले मोंढ्यात, पोत्यांच्या थप्पीवर बसून हाती येईल ते वाचण्यात झाले. तीस वर्षे हमाल-मापाड्यांच्या आणि दुकानांतील नोकरांच्या संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने फोटोशॉपवर व्याख्यान द्यावे, हे चमत्कारिक वाटणारच. परंतु या विषयाकडे मी हौसेने गेलो नाही. मजुरीच्या एका भांडणाने मला तिकडे नेले, आणि ती हकिकत सांगितल्यावाचून पुढचे काही सांगता येणार नाही.

एक हकिकत

२०२५ च्या लग्नसराईत एका फोटो स्टुडिओत काम करणारी दोन मुले आणि एक मुलगी माझ्याकडे आली. स्टुडिओ आपल्याच जिल्ह्यातला. नाव सांगण्याचे कारण नाही. सकाळी नऊला संगणकापुढे बसावे आणि रात्री अकरा-बाराला उठावे, असा त्यांचा क्रम दोन महिने चालला होता. जादा कामाचे पैसे मागितले तेव्हा मालक म्हणाले, "मी ९०,००० रुपये कर्ज काढून नवा संगणक घेतला आहे. त्याचे हप्ते फेडू, की तुमची मजुरी वाढवू?"

मी मालकांना भेटावयास गेलो. तेही काही लक्षाधीश नव्हते. घरातले दागिने गहाण ठेवून त्यांनी ते यंत्र आणले होते. चहा मागवून ते खिन्नपणे म्हणाले, "काका, तुम्हांला खरे सांगतो. यंत्र नवे आले, पण काम जुन्याच चालीने चालते. पूर्वी एका अल्बमला दोन दिवस लागत, आताही दोनच लागतात."

हे मला खटकले. नवा ट्रक आणूनही माल पूर्वीइतक्याच वेळात पोहोचत असेल, तर खोट ट्रकमध्ये शोधू नये. वाटेत कोठेतरी फाटक बंद असले पाहिजे. मी त्या मुलीच्या शेजारी स्टूल घेऊन तीन रात्री बसलो. ती काय करते, यंत्र कोठे थांबते, थांबते तेव्हा आत काय चाललेले असते, हे विचारीत गेलो. तिला ठाऊक नव्हते ते आम्ही दोघांनी वाचून काढले. त्यातून जे समजले ते आज आपणांपुढे ठेवतो.

गठाण आणि रुई

संगणकाच्या दृष्टीने फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची चौकट होय. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे लिहून ठेवावे लागतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. साधारण कामात एका आकड्याला एक बाइट जागा लागते.

आता लग्नाच्या अल्बमचे एक जोडपान घ्या. ते १२ इंच रुंद आणि ३६ इंच लांब असते. चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके धरतात. म्हणजे एका बाजूला ३,६०० आणि दुसऱ्या बाजूला १०,८०० ठिपके झाले. गुणाकार केला की ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके होतात. त्याच्या तिप्पट म्हणजे ११ कोटी ६६ लाख ४० हजार बाइट. व्यवहारात सुमारे ११७ एमबी. हे फक्त एका पानाचे, आणि तेही एकच थर असताना.

येथे पुष्कळांचा गोंधळ होतो. ते म्हणतात, "फाइल तर पंधराच एमबीची दिसते, मग यंत्राला धाप का लागते?" आपला मानवत-सेलूचा भाग कापसाचा आहे, तेव्हा हे समजावयास आपल्याला अडचण पडू नये. प्रेसमधून निघालेली रुईची गठाण केवढीशी असते! तीच सोडून मोकळी केली तर खोली भरून जाते. जेपेग फाइल ही दाबलेली गठाण आहे. डिस्कवर ती लहान दिसते, पण काम करावयाचे तर ती सोडावी लागते, आणि सोडली की पुरे ११७ एमबी व्यापते. त्यावर वधूवरांचा एक थर, फुलांचा दुसरा, नक्षीचा तिसरा आणि अक्षरांचा चौथा. थर जितका भाग व्यापतो तितकी जागा घेतो. शिवाय चूक झाली तर मागे जाता यावे म्हणून प्रोग्राम आपल्या जुन्या पायऱ्याही जपून ठेवतो. अशी तीन-चार पाने एकदम उघडली की काही जीबी जागा बोलता बोलता संपते.

ओटा, गोदाम आणि हमाल

संगणकाच्या आत काय असते ते मी मोंढ्याच्या भाषेत सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. तेथे माल कायमचा राहतो. रॅम म्हणजे अडत दुकानापुढचा ओटा. ज्या मालावर आत्ता काम चालू आहे तेवढाच तेथे उतरवितात, आणि वीज गेली की ओटा रिकामा होतो. प्रोसेसर म्हणजे काम करणारी टोळी.

ओटा भरला की काय होते? उरलेला माल पुन्हा गोदामात न्यावा लागतो आणि लागेल तेव्हा परत आणावा लागतो. फोटोशॉपही हेच करते. रॅम पुरेनाशी झाली की ते डिस्कचा काही भाग ओटा म्हणून वापरते. या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. टोळी कितीही तगडी असली तरी तिचा दिवस मग येरझाऱ्यांतच जातो. पडद्यावर आपल्याला फक्त फिरणारे चक्र दिसते.

गोदामाचे दारही सारखे नसते. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क एका सेकंदास शंभर-सव्वाशे एमबी देते. साधी एसएसडी, जिच्यात फिरणारे काहीच नसते, ती पाचशेच्या आसपास देते. मदरबोर्डवर थेट बसणारी एनव्हीएमई एसएसडी त्याच्याही कित्येक पट देते. उलट यूएसबी २.० च्या जुन्या जोडणीतून तीस-चाळीस एमबीच येतात. एका लग्नाचे २,००० फोटो आणि एका फोटोची कच्ची फाइल २५ एमबीची धरली, तर एकूण ५० जीबी होतात. तेवढा माल हलवावयास जुन्या यूएसबी जोडणीतून सुमारे २४ मिनिटे, हार्ड डिस्कवरून सुमारे ८ मिनिटे आणि साध्या एसएसडीवरून पावणेदोन मिनिटे लागतात. टोळी तीच, दार मात्र वेगळे.

अडते कोठे, हे कसे ओळखावे

यासाठी दुकानदाराकडे जाण्याची गरज नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. काम चालू असताना त्यात पाहावे. मेमरी शेकडा ९० च्या पुढे गेली असेल तर ओटा अपुरा आहे. डिस्क सारखी १०० वर असेल तर दार अरुंद आहे. दोन्ही निवांत असून प्रोसेसरच पूर्ण भरलेला असेल, तर आणि तरच टोळी बदलण्याचा विचार करावा.

फोटोशॉपमध्ये आणखी एक खूण आहे. खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात माहितीची एक पट्टी असते. तिच्यात 'एफिशियन्सी' हा पर्याय निवडला की आकडा दिसू लागतो. तो १०० असेल तर काम रॅममध्ये चालले आहे. शंभराच्या खाली उतरला की स्क्रॅच डिस्कवरच्या येरझाऱ्या सुरू झाल्या, असे समजावे.

त्या स्टुडिओतला आकडा साठीच्या घरात होता. नव्या यंत्रात प्रोसेसर उत्तम होता, महागडे ग्राफिक्स कार्डही होते. पण रॅम ८ जीबीच घातलेली होती. त्याहून मौज अशी, की चालू लग्नांचे सारे फोटो जुन्या बाहेरच्या डिस्कवर होते, ती यूएसबी २.० ची होती, आणि स्क्रॅच डिस्कही कोणी तरी तिच्यावरच नेमून ठेवली होती. यंत्रात एनव्हीएमई एसएसडी होती. ती जवळजवळ रिकामी पडून होती! मुलीने सेटिंग बदलले, चालू काम आतल्या एसएसडीवर आणले. त्याला एक पैसा लागला नाही. रॅमची आणखी एक पट्टी मालकांनी आणली. दोन दिवसांचा अल्बम एका दिवसावर आला.

आणखी काही गोष्टी थोडक्यात सांगतो. रॅम घेताना मदरबोर्ड कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. फोटोशॉपचे निर्माते कमीत कमी ८ जीबी सांगतात आणि १६ जीबीची शिफारस करतात. अल्बमचे काम करणाऱ्याने १६ च किमान समजावी. जुने ३२ बिटी विंडोज असेल तर ४ जीबीपेक्षा अधिक रॅम घालून उपयोग नाही, ते तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. प्रोसेसर घेताना त्यात किती कोअर आहेत एवढेच पाहू नये. पोती वाहावयाची असली तर दहा हमाल दहापट काम करतात, पण एका सुईत दोरा ओवावयास दहा जण लावून काय होणार? फोटोशॉपची पुष्कळशी कामे या दुसऱ्या जातीची आहेत. तेथे एका कोअरचा वेग महत्त्वाचा.

पडद्याकडे तर कोणीच पाहत नाही. "लॅबने रंग बिघडविले" अशी तक्रार मी वरचेवर ऐकतो. पुष्कळदा लॅबचा दोष नसून आपला पडदा जास्त उजळ किंवा निळसर ठेवलेला असतो. लॅबमधून एक नमुना छापून आणावा, तो दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरावा, आणि पडदा त्याच्याशी जुळवावा. बाजूने पाहिले तरी रंग न बदलणारा आयपीएस पडदा घेणे हे ग्राफिक्स कार्डापेक्षा अधिक गरजेचे असते.

शेवटी आपला उन्हाळा. लग्नसराई नेमकी वैशाखात येते, आणि वैशाखात परभणीचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. लाकडी कपाटात कोंडलेले, धुळीने पंखा भरलेले यंत्र दुपारी मंदावते आणि रात्री बरे चालते, याचे कारण हेच. वर्षातून दोनदा धूळ काढणे हीही यंत्राची सुधारणाच आहे.

प्रोग्राम केव्हा बदलावा

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० साली थॉमस आणि जॉन नोल या अमेरिकन बंधूंच्या कामातून बाहेर पडली. तेव्हापासून दर एक-दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते. प्रत्येक नवी आवृत्ती घेतलीच पाहिजे, असा काही नियम नाही. बदलण्याची खरी कारणे तीन-चारच आहेत.

पहिले कारण नवा कॅमेरा. नव्या कॅमेऱ्याची कच्ची फाइल जुना प्रोग्राम उघडत नाही. २०१२ च्या सीएस६ या आवृत्तीला अशा फाइली ओळखण्याची शेवटची भर २०१५ साली मिळाली. परंतु त्याच कंपनीचा डीएनजी कन्व्हर्टर हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो नव्या फाइलीचे डीएनजी रूप करून देतो, आणि ते जुन्या फोटोशॉपमध्ये उघडते. म्हणजे केवळ या कारणासाठी घाई करावी लागत नाही.

दुसरे कारण आपली लिपी. युनिकोडमध्ये टाइप केलेले मराठी जुन्या फोटोशॉपमध्ये मोडते, जोडाक्षरे सुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या ठिकाणी जाते. नव्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आहे आणि हा त्रास राहत नाही. पत्रिका आणि शुभेच्छाफलक करणाऱ्यास हे कारण सबळ आहे. मात्र जुन्या पद्धतीच्या फाँटांत केलेली शेकडो पाने ज्याच्याजवळ आहेत, त्याने ते फाँट नव्या यंत्रावर चालतील की नाही, हे आधी पाहावे.

तिसरे कारण सुरक्षितता. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. धडधाकट यंत्रे त्यामुळे एका दिवसात म्हातारी ठरली. अशा यंत्रावर काम करावयाचेच असेल तर ते इंटरनेटपासून तोडून ठेवावे आणि फोटोंच्या दोन प्रती निराळ्या ठिकाणी असाव्यात.

२०२३ पासून आलेले जनरेटिव्ह फिल, म्हणजे शब्दांनी सांगून चित्रात भर घालणे, हे चौथे कारण म्हणून पुढे करतात. ते काम आपल्या यंत्रावर होत नाही. कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर होते आणि इंटरनेटवरून परत येते. त्यासाठी महाग ग्राफिक्स कार्ड घेणे व्यर्थ आहे.

वर्गणी

दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून विलायतेला गेले, त्यांनी विल्यमसन कॅमेरा आणला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. कारागिराने हत्यारासाठी कर्ज काढणे आपल्याकडे नवे नाही. पण फाळक्यांचा कॅमेरा एकदा घेतला तो त्यांचा झाला. फोटोशॉपचे तसे राहिलेले नाही. एकदा पैसे मोजून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती सीएस६. २०१३ पासून नवे फोटोशॉप वर्गणीवरच मिळते.

वर्गणी हा शब्द आम्हा संघटनेच्या माणसांच्या ओळखीचा आहे. संघटनेची वर्गणी भरणारा संघटनेचा धनी असतो. हिशेब मागू शकतो. येथे वर्गणी भरणारा भाडेकरू आहे, आणि ती थांबली की हत्यार हातातून जाते. शिवाय एका माणसाच्या परवान्यावर दोन यंत्रांवर नोंद करता आली तरी एका वेळी एकाच यंत्रावर काम करता येते. तीन कारागीर असतील तर तीन परवाने लागतात. यंत्र घेताना हा दरसालचा खर्च कोणी धरीत नाही, आणि मग चोरट्या प्रतीचा मार्ग धरला जातो.

त्या मार्गाबद्दल स्पष्ट बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे संगणक-प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. 'वापरणाऱ्यास' हा शब्द नीट ऐका. कळफलकावर बोटे मालकाची नसतात, दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या पोराची असतात. प्रत कोणती आहे हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

ज्याला भाडे परवडत नाही त्याला गिंप हा मोफत प्रोग्राम आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याला सुरुवात केली आणि जगभरच्या लोकांनी तो वाढविला. त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. मराठी जोडाक्षरे तो नीट लिहितो आणि फोटोशॉपच्या पुष्कळ फाइली उघडतो. सगळ्याच जशाच्या तशा उघडतो असे नाही, आणि सवय होण्यास वेळ लागतो. म्हणून लग्नसराईच्या तोंडावर नव्हे, तर पावसाळ्यात, हात मोकळे असताना त्याची ओळख करून घ्यावी.

वाचलेला वेळ कोणाचा?

आता ज्यासाठी मी या भानगडीत पडलो तो प्रश्न. अल्बम दोन दिवसांऐवजी एका दिवसात होऊ लागला. मग वाचलेला दिवस कोणाचा?

हा प्रश्न जुना आहे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते. एका विणकराने अधिक माग सांभाळावे, आणि त्यातून मजुरी घटावी व माणसे कमी व्हावीत, याला त्यांचा विरोध होता. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांनी संगणक अटींवर मान्य केले आणि तसा लेखी करार झाला. या दोन्हींतून मी एकच धडा घेतो. यंत्र येताना अटी ठरल्या नाहीत, तर नंतर त्या कोणी ठरवीत नाही.

आमच्या स्टुडिओत मालक, तीन कारागीर आणि मी एका सतरंजीवर बसलो. एका कागदावर लिहिले: रात्री आठनंतरच्या कामाचा वेगळा पैसा, आठवड्याची एक सुट्टी लग्नसराईतही, पाठीला टेकण असलेल्या खुर्च्या, आणि पुढचे यंत्र घेताना ते चालविणाऱ्यांना आधी विचारावयाचे. पैसा मागितला होता त्याच्या निम्माच मिळाला, हे कबूल करतो. पण शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. त्या मुलीला पहिल्याच दिवशी कोणी विचारले असते, तर तिने सांगितले असते की यंत्र टोळीपाशी अडत नाही, दारापाशी अडते. मग ९०,००० चे कर्ज झाले नसते आणि दागिने घरात राहिले असते.

तात्पर्य, नवे काही घेण्यापूर्वी एक आठवडा काम करता करता नोंद ठेवा: कोणत्या कामाला यंत्र थांबले, तेव्हा मेमरी किती होती, डिस्क किती होती. मग या क्रमाने जा. प्रथम फुकटची सुधारणा, म्हणजे धूळ, स्क्रॅच डिस्क, फाइलींची जागा. मग एसएसडी. मग रॅम, २०२५ च्या अखेरीपासून तिचे भाव फार चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर उभ्या राहणाऱ्या केंद्रांना ती हवी आहे, तेव्हा गरजेपुरतीच घ्या. मग पडदा. प्रोसेसर आणि नवे यंत्र सर्वांत शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे गुण कशाने आला ते कळेल. प्रत्येक गावातल्या छायाचित्रकारांनी आपल्या नोंदी एकमेकांना दाखवाव्यात. मानवतच्या माणसाने केलेली चूक गंगाखेडच्या माणसाने पुन्हा पैसे मोजून का करावी?

त्या स्टुडिओतल्या मुलीची नोंदवही मी आज सोबत आणली आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी जरूर पाहावी. अक्षर सुरेख आहे, आणि आकडे माझ्यापेक्षा नीट मांडलेले आहेत.